लाजरा गेंडा दार वाजवतो

"माझ्या गोष्टीतून एक जरी मूल मध्येच उठून गेलं, तर ही मिशी काढून टाकीन," असं मिशीआजोबांनी भरल्या सभागृहात जाहीर केलं आणि मिशीला असा काही पीळ दिला की पालकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मिशी काही साधीसुधी नव्हती. त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर फोटोऐवजी नुसती मिशी छापलेली असायची. दप्तरांवर ती होती, पाण्याच्या बाटल्यांवर होती. ज्या बालवाचनालयात हा कार्यक्रम चालला होता, तिथे मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दारावरसुद्धा तीच होती. मुलींच्या दारावर काहीच नव्हतं, त्यामुळे मुली बिचाऱ्या अंदाजाने जायच्या.

आजोबांनी घसा साफ केला आणि लाजऱ्या गेंड्याची नवी गोष्ट सुरू केली. लाजरा गेंडा म्हणजे त्यांचं कमावतं लेकरू. कुणी बघितलं की कानापर्यंत लाल होणारा, आणि एवढं धूड घेऊन केळीच्या रोपाआड लपणारा. या वेळी गेंड्याला एकटं राहून राहून कंटाळा आला होता. साळिंदराशी मैत्री करायची असं त्याने मनाशी ठरवलं होतं. तो तीनदा घरातून निघाला, तीनदा परत आला, चौथ्यांदा कसाबसा साळिंदराच्या दाराशी पोहोचला, आणि त्याने दार वाजवलं. आतून आवाज आला, कोण आहे?

"मी नाहीये," गेंडा म्हणाला.

इथे आजोबा थांबले. मुलांकडे बघत राहिले. पहिल्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीने तोंड उघडलं आणि मिटलं. जांभई देत होती कार्टी. त्यांनी ते वाक्य परत म्हटलं, जरा रडवेल्या आवाजात. मुलीच्या शेजारच्या मुलानेही जांभई दिली. आजोबांनी तिसऱ्यांदा म्हटलं, चौथ्यांदा गेंड्यासारखा आवाज काढून म्हटलं. आता अख्खी पहिली रांग जांभया देत होती, आणि त्या रोगासारख्या मागे पसरत चालल्या होत्या. शेवटी दोन वेण्या उठल्या आणि चालू पडल्या. तिच्यामागे तिचा भाऊ, भावामागे त्याचा मित्र, आणि बघता बघता सभागृहात पालक आणि खुर्च्या एवढंच उरलं.

वाचनालयाच्या बाई धावत आल्या आणि आजोबांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाल्या, शू लागली असेल हो, मुलंच ती.

परतीच्या गाडीत आजोबा हाच धागा धरून बसले. शू ही नैसर्गिक गोष्ट आहे, ती पैजेत धरता येत नाही. घ्यायला आलेली लेक गाडी चालवत होती. मागे बसलेली सात वर्षांची नात खिडकीबाहेर बघत काहीतरी बोलली. आजोबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पोरीला काय कळतंय.

घरी आल्यावर मात्र ते सरळ मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन होतं. जुनं, पायाने चालवायचं. गेल्या वर्षी ती गेली तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. सुईखाली अजून एका शाळेच्या गणवेशाची निळी बाही अडकलेली होती. ज्या मुलीचा तो गणवेश होता, ती एव्हाना त्या बाहीत मावलीही नसती.

आजोबांचं सगळं लेखन या मशीनवर झालं होतं, असं म्हटलं तरी चालेल. लग्न झालं तेव्हा ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते आणि मनातून थोर कादंबरीकार. बायको गणवेश शिवायची. एका विधुराच्या दुःखावर त्यांनी एक जाडजूड कादंबरी लिहिली होती. विधुर होण्याचा अनुभव नव्हता, पण उत्साह दांडगा. संध्याकाळी ते खिडकीशी उभे राहून ती वाचायचे आणि मागे मशीन खटखट चालू असायचं. पानांमागून पानं गेली, विधुर नदीवर गेला, नदीवरून परत आला, मशीन काही थांबलं नाही. शेवटी वैतागून ते म्हणाले, मरू दे तो, एक होता गेंडा, तो लाजायचा. आणि मशीन थांबलं.

"मग?" बायको म्हणाली.

तेव्हापासून हीच पद्धत पडून गेली. आजोबा खिडकीशी, रस्त्याकडे तोंड करून. लाजऱ्या गेंड्याचा बाप स्वतःही कमी लाजरा नव्हता, गोष्ट जुळवताना कुणी तोंडाकडे बघितलेलं त्यांना खपायचं नाही. मागे, डाव्या हाताला, बायको मशीनवर. गोष्ट भिकार असेल तर मशीन चालतच राहायचं. गोष्टीने धरलं की पाय थांबायचा, आणि पाठोपाठ "मग?" यायचं. ते आलं की वाक्य पक्कं. नाही आलं की वाक्य गेलं. समीक्षकांनी पुढे त्यांच्या शैलीवर पुष्कळ लिहिलं, एकाने तर प्रबंध केला. मशीनचा उल्लेख त्यात कुठे नव्हता.

म्हातारपणी बायको जरा वात्रट झाली होती. "मग?" म्हणायच्या ऐवजी, किंवा म्हणता म्हणता, ती दोऱ्याचं रीळ उचलून त्यांच्या पाठीत मारायची. आजोबांना ते फार आवडायचं. या वयात ही पाठीत रिळं मारते, याचं त्यांना मनातून कौतुक होतं, मित्रांनाही सांगून झालं होतं.

त्या दिवशी साळिंदराची गोष्ट चालली होती. आजोबांचा हात सवयीने खिडकीच्या काचेवर होता, कारण मशीन चाललं की काच थरथरायची. गेंड्याने दार वाजवलं, "मी नाहीये" म्हणाला, आणि काच गप्प झाली. आजोबा थांबले. "मग?" आलं नाही. रीळही आलं नाही. त्यांना वाटलं, ही इतकी रंगली की तिची वाचाच बसली. असा मान त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. ते सुटलेच. पुढची सगळी गोष्ट त्यांनी एका दमात सांगितली, तोंडातून आपोआप येत गेली, आजवरची सगळ्यात सुंदर. शेवट झाला तेव्हा त्यांचेच डोळे भरले होते. मग ऐटीत वळून बघितलं, तर बायकोचं कपाळ मशीनला टेकलेलं होतं.

त्या क्षणी गोष्टीचा उरलेला सगळा भाग डोक्यातून पुसला गेला. गेंडा अजून दाराशीच उभा होता.

लोक समजूत घालायला यायचे, म्हणायचे, तुमची गोष्ट ऐकत गेली, भाग्यवान. हा शब्द आजोबांच्या जिव्हारी लागायचा. ऐकत गेली की ऐकण्याच्या आधीच गेली? पाय गेंड्यासाठी थांबला, की पाय चालवायला आता तीच नव्हती? हे कळायला एकच मार्ग आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ते वाक्य दुसऱ्या कुणाला तरी ऐकवायचं. त्या जागी कुणीही, अगदी कुणीही, आपणहून "मग?" म्हणालं, की समजायचं वाक्यात दम आहे. म्हणजे ती थांबली ती गोष्टीसाठी, आणि गेली ती नंतर. निदान एवढं तरी तिच्या कानावर पडलं.

आणि आता अख्ख्या सभागृहाने जांभया दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ते प्रकाशकाकडे गेले. प्रकाशक हा चांगला माणूस होता, म्हणजे भेटला की आधी तब्येतीची चौकशी करायचा आणि मग पुस्तकाची. त्याच्या टेबलावर मिशीच्या आकाराचा पेपरवेट होता. पैजेची बातमी त्याच्या कानावर आली होती आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आजोबा, मिशीला हात लावायचा नाही," त्याने टेबलावर वाकून, दमात घेऊन सांगितलं. "ती तुमची एकट्याची नाहीये. ती आपली आहे."

आजोबांनी तो विषय उडवून लावला आणि गोष्ट सांगितली. गेंडा म्हणाला, मी नाहीये. प्रकाशक खुर्चीत मागे टेकला आणि त्याने जांभई दिली. आजोबा वाट बघत राहिले. प्रकाशकाने दुसरी जांभई दिली, भुवया उंचावून, चांगली लांबलचक. एवढ्या वर्षांच्या ओळखीत माणसाने निदान तोंडावर हात तरी धरावा. आजोबा उठले, समोरचा चहा तसाच ठेवला आणि निघून आले. प्रकाशक जिन्यापर्यंत मागे आला, हातवारे करत होता, पण आजोबांनी वळून बघितलं नाही.

लेक डॉक्टर होती, भूल देणारी. बापाने जन्मभर पोरांना जागं ठेवलं आणि लेक लोकांना झोपवते, हा विनोद घरात इतका जुना झाला होता की कुणी हसायचं नाही. तिच्या इस्पितळात एका मुलाच्या टॉन्सिल काढायच्या होत्या आणि मुलाने घाबरून पलंगाचा दांडा धरून ठेवला होता. बाबांचंही मन रमेल आणि पोरगंही शांत होईल, असा विचार करून तिने आजोबांना आत घेतलं. हिरवा झगा, डोक्यावर प्लास्टिकची टोपी, तोंडावरच्या पट्टीतून दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली मिशी. मुलाने दांडा सोडला तो बहुतेक आश्चर्याने.

गोष्ट सुरू झाली. मुलगा टक लावून ऐकत होता. गेंडा दाराशी आला, मी नाहीये म्हणाला. मुलाने जांभई दिली. आजोबांनी वाक्य परत म्हटलं. मुलाने परत जांभई दिली. आजोबा म्हणत राहिले, मी नाहीये, मी नाहीये, आणि पाचव्या की सहाव्या खेपेला मुलाने डोळे मिटले आणि घोरायला लागला. लेकीच्या हातातली सुई हातातच राहिली.

"हे औषध कुठल्या कंपनीचं?" सर्जन म्हणाला, आणि नर्सबाई तोंडावरच्या पट्टीआड फिस्सकन हसल्या.

लेक हसली नाही. ती मुलाच्या उशाशी उभी होती आणि तिने सगळं स्पष्ट ऐकलं होतं.

संध्याकाळी आजोबा जेवणाच्या टेबलाशी पेपर धरून बसले होते. समोर नात चित्र रंगवत होती. लेक स्वयंपाकघरातून आली, त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "बाबा, घराला आग लागलीये."

आजोबांनी पान उलटलं.

"बाबा, पडदे पेटलेत."

आजोबा शब्दकोडं सोडवू लागले. नातीने मान वर केली आणि त्यांच्या तोंडासमोर येऊन ठणकावून सांगितलं, "आबा, आई म्हणतेय आग लागलीये."

आजोबा ताडकन उठले ते खुर्चीसकट. धावपळ, पाण्याचा तांब्या, रंगांची वाटी पालथी. आग नाही हे पटल्यावर ते लेकीवर डाफरले, ही काय थट्टा. लेक खाली बसली आणि तिने त्यांना इस्पितळातलं सांगितलं. तो मुलगा जांभई देत नव्हता. तो दर वेळी "मग?" म्हणत होता. विचारून विचारून थकला आणि झोपला.

"हॉलमध्ये पण सगळे म्हणत होते," नात म्हणाली. "मग मग मग. तू पुढे सांगतच नव्हतास. तेच तेच. मी गाडीत सांगितलं ना तुला."

आजोबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. प्रकाशकाच्या उंचावलेल्या भुवया त्यांना आठवल्या.

एवढा नामवंत माणूस बहिरा होत गेला आणि कुणाला पत्ता लागला नाही, यात तसं नवल काही नव्हतं. नामवंत माणसाशी कुणी बोलत नाही, त्याच्यासमोर माना डोलावतात. आजोबा बोलायचे, लोक डोलायचे, लोक डोलले की आजोबा पुढे बोलायचे. कानांची गरजच पडली नव्हती.

कान तपासणाऱ्या बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबा. आजोबांनी बटण भरपूर दाबलं, बहुतेक वेळा शिट्टी नसताना. बाईंनी बाहेर येऊन लेकीला कागद दाखवला. डावा कान गेल्यातच जमा. उजवा अर्धा. आत्ताचं नाही हे, बऱ्याच वर्षांचं आहे. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?

आजोबांच्या उजव्या कानात यंत्र बसवलं. भुईमुगाच्या दाण्याएवढं. बाहेर आले तर सगळं जग भांडायला उठल्यासारखं. चपला वाजत होत्या, खुर्च्या ओरडत होत्या, त्यांचा स्वतःचा श्वास कुणीतरी मागे लागल्यासारखा ऐकू येत होता. लेक म्हणाली, होईल सवय. दोघं इस्पितळाच्या बाकावर टेकले.

"म्हणजे ती म्हणाली असेल," आजोबा एकदम म्हणाले. "खिडकीशी उभं राहिलं की माझा डावा कान तिच्याकडे असतो."

"म्हणालीच असेल बाबा." लेकीचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "आईला ठाऊक होतं तुम्हाला ऐकू येत नाही ते. उगाच रिळं मारत होती का?"

हे आजोबांच्या डोक्यात आलंच नव्हतं. पाठीतल्या त्या रिळांचं त्यांनी किती कौतुक करून घेतलं होतं. ते हसले. हसता हसता मध्येच थांबले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"की हाक मारली असेल?"

लेक रोज माणसांचे श्वास मोजणारी बाई होती. तिने फक्त त्यांच्या सदऱ्याचं उघडं राहिलेलं बटण लावलं, आणि ते लागलेलंच असताना पुन्हा एकदा लावलं.

घरी आल्याआल्या आजोबा मागच्या खोलीत गेले आणि गुडघ्यांवर बसले. खिडकीपाशी कपाट होतं. त्याखाली काठी घालून त्यांनी ओढलं, तर आधी धूळ आली, मग एक लाल रीळ आलं. मग पिवळं, दोन पांढरी, एक खाकी, आणि मग निळी, निळी, निळी. वर्षानुवर्षांचे नेम चुकलेले. बाईचा नेम काही फारसा चांगला नव्हता तर. त्यातलं एखादं निळं नेमकं त्या दिवसाचं होतं की नव्हतं, आणि असलं तरी ते गोष्टीसाठी फेकलं होतं की मदतीसाठी, हे काही रिळावर लिहिलेलं नसतं. नात दारात येऊन उभी राहिली. एवढी रिळं बघून तिला आनंद झाला. तिने ती ओंजळीत भरून नेली, कारण तिला त्यांची आगगाडी करायची होती.

जाता जाता ती म्हणाली, "आबा, मुलं उठून गेली होती. तू बोलला होतास मिशी काढीन."

"शू..." आजोबा सुरू झाले.

"शू सगळ्यांना एकदम लागत नाही."

आजोबा तसेच जमिनीवर बसून राहिले. पोरगी खरं बोलत होती. मुलं विचारत होती आणि हे त्यांना दाराशी ताटकळत ठेवत होते. बाकी सगळ्याचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं. कुणाची माफी मागायची तर ती समोर नव्हती. मिशी तेवढी हाताशी होती. शिवाय बायको गेली कित्येक वर्षं म्हणायची, काढा हो ते झुडूप, तुम्ही हसताय की रडताय ते कळत नाही. तेव्हा त्यांनी प्रकाशकाचं कारण सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लेक कामावर गेल्यावर, ते चालत न्हाव्याकडे गेले. न्हाव्याने आधी नकारच दिला. त्याच्या दुकानात आरशाशेजारी आजोबांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ही मिशी आम्ही राखतो. आजोबांनी हट्टच धरला तेव्हा त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, कानातलं यंत्र फेसात जाईल म्हणून काढून कंगव्यांशेजारी ठेवलं, आणि डोळे भरल्यासारखं करून वस्तरा लावला. मिशी एवढी होती की खाली पडली तेव्हा मांजर बसल्यासारखी दिसली. आरशात एक अनोळखी म्हातारा बसला होता. वरचा ओठ पांढराफटक, जन्मात उन्हं न लागलेला, आणि थरथरत होता. हसतोय की रडतोय ते आता स्पष्ट दिसत होतं. आजोबांनी तिकडे बघायचं टाळलं, रुमाल तोंडावर धरला आणि झपाझप बाहेर पडले. न्हावी मागून काहीतरी ओरडला. शोक करत असेल.

रस्ता आज छान शांत होता. आजोबांना वाटलं, झाली बहुतेक सवय यंत्राची. ओळखीच्या दोघातिघांनी त्यांना ओळखलं नाही, शाळेतून सुटलेली पोरं त्यांच्या अंगावरून पळत गेली, एकानेही "मिशीआजोबा" म्हणून हाक मारली नाही. त्यांना लाज वाटत होती. बरंही वाटत होतं. कधी एकदा नातीला दाखवतोय असं झालं होतं. आणि चालता चालता, वर्षभरात पहिल्यांदा, गेंडा त्यांच्या डोक्यात जरा हलला. दार उघडलं तर पुढे काय होईल, याचं एक टोक हाताशी आल्यासारखं वाटलं. कुणी "मग?" म्हणालं असतं तर सगळं ओढून काढता आलं असतं.

घराचं दार बंद होतं. नात आत एकटी होती, शेजारच्या काकू मधूनमधून डोकावत असत. ओळख पटल्याशिवाय दार उघडायचं नाही, अशी तिला सक्त ताकीद होती. आजोबांनी दार वाजवलं. आता ती कोण आहे म्हणून विचारणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारण्यापुरता वेळ जाऊ दिला, रुमाल खिशात घातला, उघडा ओठ हाताने झाकला आणि दाराला तोंड लावून म्हणाले, "मी नाहीये."

आतून नात म्हणाली, "मग?"

आजोबा दाराशी उभे राहिले.

"मग?" तिने परत विचारलं. ती दारापाशी आली होती, हातात रिळांची आगगाडी होती. तिसऱ्यांदा तिने चांगलं ओरडून विचारलं. शेजारच्या काकूंनासुद्धा ते ऐकू गेलं.

आजोबांनी आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग ते पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. कानातलं यंत्र तोवर कंगव्यांशेजारून खाली घरंगळलं होतं आणि न्हाव्याने केर काढताना नकळत मिशीबरोबर सुपलीत भरून टाकलं होतं.